पोळ्याचा ताप आणि पायातून निसटलेली चप्पल

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका ग्रामीण रुग्णालयातलं हे प्रकरण आहे. रुग्णाची आणि त्याच्या बायकोची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे, त्यात माझं जे चुकलं त्यासकट.

सप्टेंबरचा तिसरा आठवडा, सोमवार, संध्याकाळचे साडेसहा. 41 वर्षांचा शेतकरी, घरची 5 एकर कोरडवाहू जमीन, कापूस आणि तूर. दोघांनी खांद्याला धरून आणलं. चिठ्ठी करणाऱ्याने नाव विचारायच्या आधीच सोबतच्या माणसाने सांगून टाकलं, "फवाऱ्याची बाधा हाय साहेब. दोन दिवस पराटीवर फवारा मारला, अन् आता उभंच राहता येऊन नाही राहिलं."

आमच्याकडे या वाक्यावर कोणी शंका घेत नाही. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यांत भरती झाले. त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात हातपाय गळालेला माणूस दारात आला की आमचं डोकं आपोआप अॅट्रोपिनकडे, म्हणजे फवाऱ्याच्या विषावरच्या उताऱ्याकडे जातं. माझंही गेलं. सिस्टरने ट्रे तयारसुद्धा ठेवला होता.

पण तपासायला घेतलं तर काही जुळेना. फवारणीच्या बऱ्याच औषधांत असणाऱ्या ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या विषाने माणसाचं अंग पाझरतं. तोंडातून लाळ, अंगाला घाम, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर, पोटात कळा, जुलाब. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी बऱ्याचदा मंदावते, स्नायू कातडीखाली थरथरतात. याचं तोंड कोरडं होतं. बाहुल्या नेहमीच्या आकाराच्या, उजेडाला व्यवस्थित आकसणाऱ्या. नाडी 104. छाती स्वच्छ. रक्तदाब थोडा चढा, ऑक्सिजन 98 टक्के. माणूस पूर्ण शुद्धीवर, प्रश्नांची नीट उत्तरं देणारा, फक्त घाबरलेला.

मग दुसरा संशय मण्यारीचा. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या माणसाला मण्यार चावते तेव्हा बऱ्याचदा कळतही नाही. जखम दिसत नाही, सकाळी पोट दुखतं आणि पापण्या जड होतात. पण मण्यारीचा लकवा वरून खाली येतो. आधी पापण्या, मग डोळे, गिळणं, मान, आणि नंतर हातपाय. शिवाय तो काही तासांत उतरतो. याच्या पापण्या उघड्या होत्या आणि दुखणं तीन-चार दिवसांचं होतं. त्याची कमजोरी पायांतून वर चढत होती.

गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, घोट्यावर मारली. काही नाही. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला लावलं, म्हणजे लपलेला झटका असेल तर उमटावा. तरीही काही नाही. पायांची ताकद 5 पैकी 2, हातांची 4. दोन्ही बाजू सारख्या. लघवी व्यवस्थित होत होती. छातीवर किंवा पोटावर "इथून खाली लागत नाही" अशी कुठलीही रेघ नव्हती, म्हणजे मज्जारज्जू दबल्याची खूण नाही. सलाईनमुळे वा जुलाबामुळे पोटॅशियम उतरलं तरी हातपाय असेच लुळे पडतात, म्हणून तेही तपासायला पाठवलं. ते ठीक आलं.

"केव्हा सुरू झालं?" हे मी आल्याआल्या विचारलं होतं. उत्तर आलं होतं, "फवाऱ्यानंतर." आता वेगळं विचारलं: सगळ्यात आधी काय वेगळं वाटलं? तेव्हा त्याची बायको बोलली. "मॅडम, मंगळवारी हे म्हनले का पायाले मुंग्या येऊन राहिल्या. मी म्हनलं, उकिडवे बसले असान लय वेळ. बुधवारी बोटायलेही आल्या." फवारणी गुरुवारी आणि शुक्रवारी झाली होती. मुंग्या मंगळवारच्या. शनिवारी वावरातून येताना चप्पल पायातून निसटली आणि त्याला पत्ताच लागला नाही. मागून येणाऱ्या पोराने ती उचलून आणली. रविवारी गावातच ताकदीची म्हणून सलाईन लावून घेतली, सोबत एक इंजेक्शन. सोमवारी सकाळी उकिडवा बसला तो उठेचना.

विष अंगात जाण्याच्या दोन दिवस आधी मुंग्या सुरू झाल्या असतील, तर गुन्हेगार विष नाही.

आता राहिला एकच प्रश्न, आणि तो मी नेहमीच्या पद्धतीने विचारला तेव्हा उत्तर चुकीचं मिळालं. "गेल्या महिन्यात ताप, सर्दी, खोकला, हगवण काही?" नवरा-बायको दोघांनी मान हलवली. काही नाही. यात त्यांचा दोष नाही. आमच्या भागात पडसं-खोकला हा आजारात धरतच नाहीत. दवाखान्यात जावं लागलं नाही म्हणजे काही झालं नाही. शिवाय "गेल्या महिन्यात" हे माझ्या केस पेपरातलं मोजमाप. वावरातल्या माणसाचं साल सणांवर आणि कामांवर चालतं. म्हणून विचारलं, "भाऊ, पोळ्याला बैल कोणी नेले?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "पोरानं नेले. मी गेलोच नाही. तापानं फणफणून राहिलो होतो." मग बायकोला एकेक आठवू लागलं. त्या आठवड्यात घरात सगळ्यांनाच व्हायरल झालं होतं. आधी पोराला, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आजीला. याला चार दिवस ताप, अंगदुखी, घसा, आणि मग दहा-बारा दिवस कोरडा खोकला. मेडिकलच्या दुकानातून गोळ्या आणल्या, बरं वाटलं, विसरून गेले. पोळा झाला त्याला तीन आठवडे होत आले होते.

तीन आठवड्यांपूर्वीचा ताप-खोकला, पायांपासून वर चढणारी दोन्ही बाजूंची सारखी कमजोरी, मुंग्या, हरवलेले झटके. माझ्या डोक्यात निदान पक्कं झालं: गिलन-बारे सिंड्रोम, ज्याला आता सगळे जीबीएस म्हणतात. 2025 च्या जानेवारीत पुण्यात या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हापासून हे नाव गावागावांत माहीत झालं. तिथे बोट दूषित पाणी आणि पोटाच्या संसर्गाकडे होतं, त्यामुळे आमच्याकडेही लोक पाण्यालाच घाबरतात. पण श्वासमार्गाचा संसर्गही हेच करू शकतो. जीबीएसच्या साधारण तीनपैकी दोन रुग्णांना आधीच्या सहा आठवड्यांत काही ना काही संसर्ग झालेला असतो, पोटाचा किंवा छाती-घशाचा.

रात्र

आता माझी चूक. ऑक्सिजन 98 टक्के बघून मी निर्धास्त झाले. सकाळी पुढे पाठवू, रात्री 80 किलोमीटर रस्त्यावर कशाला, असं ठरवून मी क्वार्टरवर जेवायला गेले. दोन तास त्याच्या श्वासाचं मोजमाप कोणी केलं नाही, कारण मी ते लिहून दिलंच नव्हतं.

जीबीएसमध्ये फुप्फुसं चांगली असतात. बिघडतो तो भाता, म्हणजे छातीचे आणि छाती-पोटामधल्या पडद्याचे स्नायू. भाता दमत जातो, पण ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत शहाण्यासारखा 97-98 दाखवत राहतो. तो घसरतो तेव्हा वेळ संपलेली असते. साधारण पाचातल्या एका रुग्णाला, काही ठिकाणच्या आकड्यांत त्याहून जास्तांना, कृत्रिम श्वासाची गरज पडते. म्हणून दर दोन-चार तासांनी श्वासाची ताकद मोजायची असते. आमच्याकडे त्याचं यंत्र नाही, पण त्याशिवायही मोजता येतं. खोल श्वास घ्यायला लावायचा आणि एका दमात सेकंदाला दोन या हिशेबाने आकडे म्हणायला लावायचे. धडधाकट माणूस सहज 40 च्या पुढे जातो. 20 च्या खाली आला की धोका.

रात्री साडेनऊला सिस्टरचा फोन. "मॅडम, पाणी पाजायला गेले तर त्यांना उशीवरून मान उचलता येत नाही." हे तिने आपणहून बघितलं होतं. मान पुढे उचलणारे स्नायू आणि छातीचा पडदा एकमेकांच्या शेजारच्या मज्जामुळांवर चालतात. मान गळाली की श्वास मागोमाग येतो. पळत गेले. एका दमात आकडे: 24.

आणि मानेने माझ्या निदानावरच पुन्हा प्रश्न टाकला. फवारणीच्या विषाचा एक उशिराचा प्रकार असतो, ज्याला मधला टप्पा म्हणतात. विषबाधेनंतर 1 ते 4 दिवसांनी, लाळ-घाम ओसरल्यावर, मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू गळतात. शेवटची फवारणी शुक्रवारी झाली होती आणि आज सोमवारची रात्र होती. वेळ अगदी बसत होती. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सहकाऱ्याला फोन केला तेव्हा त्यांनीही आधी हेच विचारलं, आणि ते विचारायलाच हवं होतं. पण मधल्या टप्प्याच्या आधी पाझरण्याचा टप्पा येऊन गेलेला असतो. याला साधी उलटीही झाली नव्हती. त्या प्रकारात मुंग्या येत नाहीत, आणि कमजोरी अंगाच्या मधल्या भागापासून सुरू होते, पायाच्या अंगठ्यापासून नाही. गाल फुगवायला सांगितलं तर दोन्ही बाजूंनी हवा निसटत होती. डोळे घट्ट मिटायला सांगितले तर पापण्यांचे केस बाहेर राहत होते. चेहऱ्याच्या दोन्ही नसा गेल्या होत्या. जीबीएसमध्ये हे पुष्कळदा दिसतं. आम्ही दोघांनी फोनवरच ठरवलं, जीबीएस धरून पाठवायचं आणि विषाची तपासणी तिथे करून घ्यायची.

108 आली तेव्हा एक वाजला होता. आकडे 19 वर आले होते. गाडीत डॉक्टर होते, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग होती. मी चिठ्ठीत ठळक लिहिलं: श्वासनलिका घालायची वेळ आली तर सक्सिनिलकोलीन वापरू नये, कारण नसा तुटलेल्या स्नायूंतून पोटॅशियम एकदम उसळतं आणि हृदय थांबू शकतं. पहाटे पोचल्यावर आकडे 11 झाले आणि त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं. मी रात्री निर्धास्त होऊन झोपले असते तर तो आमच्याच वॉर्डात गुदमरला असता, आणि मॉनिटरवर बराच वेळ 98 दिसत राहिलं असतं.

"खोकल्याचा पायाशी काय संबंध?"

दुसऱ्या दिवशी फोनवर त्याच्या बायकोने विचारलं. इतका नेमका प्रश्न मला फार कमी जणांनी विचारला आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट देते.

विषाणू त्याच्या पायांत गेला नव्हता. विषाणू घशात आणि श्वासनळीत आला, चार दिवस राहिला, आणि शरीराने त्याला हाकलला. त्यासाठी शरीराने प्रतिपिंडं घडवली, पेशी तयार केल्या. बिघाड इथे झाला. नसांवर मायलीनचं वेष्टण असतं, घरातल्या वायरवर रबर असतं तसं, आणि त्या वेष्टणावर, नसांच्या पृष्ठभागावर काही साखर-चरबीचे रेणू असतात. त्यांना गँग्लिओसाइड म्हणतात. जंतूच्या अंगावरचा तुकडा या रेणूंसारखा दिसत असेल, तर जंतूसाठी घडवलेलं हत्यार नसेवर चालतं. रबर सोललं जातं, निरोप मंदावतो, मग अडतो. पायांच्या नसा सगळ्यात लांब असतात, म्हणून बहुतेकदा आधी तिथे कळतं. हत्यार घडायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणूनच ताप उतरून माणूस वावरात कामाला लागल्यावर हे दुखणं उभं राहतं.

हा नकली चेहऱ्याचा खेळ कॅम्पिलोबॅक्टर या पोटाच्या जिवाणूच्या बाबतीत प्रयोगांतून स्पष्ट झाला आहे. फ्लूच्या किंवा करोनाच्या विषाणूबाबत रेणूरेणूंची साखळी इतकी स्वच्छ हाती आलेली नाही, पण फ्लूसारख्या आजारानंतर जीबीएसचा धोका काही आठवडे वाढतो, हे अनेक देशांच्या आकड्यांत दिसलं आहे. आमच्या रुग्णाला नेमका कोणता विषाणू झाला होता हे सिद्ध होणार नाही. तीन आठवड्यांनी नाकाचा स्वॅब घेऊन हाती काही लागत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूची लाट येते, घरभर सगळ्यांना एकामागून एक झालं, चार दिवसांचा ताप आणि लांबलेला कोरडा खोकला होता. यावरून फ्लू असावा इतकंच म्हणता येतं.

हा आजार नवा नाही. 1916 साली, पहिल्या महायुद्धात, गिलन, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांचं वर्णन केलं: पाय गळालेले, झटके गेलेले, आणि मणक्यातून काढलेल्या पाण्यात प्रथिन वाढलेलं पण पेशी नाहीत. ही विचित्र जोडी आजही निदानाची खूण आहे. आपल्या रुग्णाचं पाणी कमजोरीच्या सहाव्या दिवशी काढलं. पेशी 3, प्रथिन 96. पहिल्या दिवसांत हे प्रथिन बऱ्याचदा साधंच येतं, त्यामुळे "पाणी चांगलं आलं" म्हणून निदान सोडून देणं धोक्याचं. नसांच्या वेगाच्या तपासणीत वेष्टण गेल्याची खूण मिळाली. फवाऱ्याच्या विषाने जे खाली येतं त्या कोलिनेस्टरेजची पातळी ठीक निघाली, आणि फवाऱ्याचा प्रश्न तिथे मिटला.

लोक मेंदूबद्दलही विचारतात, म्हणून इथे थोडं थांबते. श्वासमार्गाच्या विषाणूंना मज्जासंस्थेपर्यंत पोचायच्या दोन वेळा असतात. एक उशिराची, जी आपण पाहिली, ताप गेल्यावर. दुसरी ऐन तापातली, आणि ती लेकरांच्या जिवावर येते. फ्लूच्या तापात एखादं पोट्टं पहिल्या एक-दोन दिवसांतच गुंगीत जातं, फिट येते, ओळखत नाही. यातला सगळ्यात भयंकर प्रकार जपानी डॉक्टरांनी 1995 साली नावासकट मांडला. त्यात मेंदूच्या मध्यभागी दोन्ही बाजूंचे थॅलॅमस मरतात. तिथेही विषाणू मेंदूत फारसा सापडत नाही. प्रतिकाराच्या रसायनांचा उद्रेक रक्तवाहिन्या फोडतो. करोनात वास गेला तेव्हा लोकांना वाटलं विषाणू नाकातून मेंदूत शिरला. बहुतेकांत तो वासाच्या चेतापेशींना टेकू देणाऱ्या पेशींत शिरला होता, म्हणून बहुतेकांचा वास परत आला. आणि गोवर, जो श्वासातूनच पसरतो, तो मात्र काही लेकरांच्या मेंदूत खरोखर मुक्काम करतो आणि सहा-आठ-दहा वर्षांनी, शाळेत हुशार असलेलं पोर अक्षरं विसरू लागतं, अंगाला झटके येतात. त्याला एसएसपीई म्हणतात. त्यावर उपाय नाही, त्याआधी गोवराची लस आहे. विदर्भात मेंदूज्वर म्हटलं की चांदीपुरा आठवतो, नागपूरजवळच्या गावाचं नाव लागलेला, 1965 साली सापडलेला विषाणू. तो वालुमाशीतून येतो, खोकल्यातून नाही. या वेगळ्या वाटा आहेत, आणि तापात लेकरू वेड्यासारखं बोलायला लागलं तर कोणती वाट हे घरी ओळखत बसू नये. अॅस्पिरिन मात्र व्हायरल तापात लेकराला कधीही देऊ नये. यकृत आणि मेंदू दोन्ही सुजण्याचा रे सिंड्रोम त्याच्याशी जोडलेला आहे.

23 दिवस

उपचार दोनच आहेत आणि दोन्ही सारखेच चालतात. एक, रक्तातला द्रव बदलून घातक प्रतिपिंडं काढून टाकणं. दुसरा, इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन, वजनाच्या किलोला 0.4 ग्रॅम, पाच दिवस. रुग्णाचं वजन 52 किलो, म्हणजे रोज 20 ग्रॅमहून थोडं जास्त, पाच दिवसांत 100 ग्रॅमवर. बाजारात हा खर्च लाखांत जातो. स्टिरॉइडने जीबीएस बरा होत नाही, हे चाचण्यांतून पक्कं झालं आहे, तरी गावोगावी पहिलं इंजेक्शन तेच दिलं जातं.

त्याच्याकडे पांढरं रेशन कार्ड होतं, म्हणून भावाने आधीच हात टेकले होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मराठवाडा आणि विदर्भातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांमधल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांना आधीपासूनच घेतलेलं होतं, यवतमाळ त्यात होतं, आणि 2024 पासून सगळ्याच पांढऱ्या कार्डवाल्यांना घेतलेलं आहे. कागद आणले, काम झालं. ही माहिती गावात कोणालाच नव्हती. त्यांना वाटत होतं केशरी आणि पिवळं कार्ड असेल तरच. औषध तिसऱ्या दिवशी सुरू होऊ शकलं ते यामुळे.

व्हेंटिलेटरवर तो 14 दिवस होता, आयसीयूत 23. या आजारात मेंदू पूर्ण जागा असतो. डोळे मिटत नव्हते म्हणून रात्री पट्टी लावायचे. हातपाय, चेहरा, मान, सगळं स्थिर. बघणाऱ्याला वाटतं माणूस बेशुद्ध आहे. तो नंतर मला म्हणाला, "मॅडम, मले सगळं ऐकू येत होतं. बाजूच्या पेशंटची बाई म्हनली, हे काही वाचत नाही. मी मनात म्हनलं, मी इथंच हाय बाप्पा." तिथल्या एका सिस्टरने हे ओळखलं. ती त्याच्याशी बोलायची, आज कोणता वार आहे सांगायची, पापणी थोडी हलली की एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असं ठरवून दिलं. बायको रोज पंधरा मिनिटं आत जायची आणि पराटीला किती बोंडं फुटली ते सांगायची. कमरेत आणि मांड्यांत त्याला भयंकर दुखायचं, पण सांगता येत नव्हतं. ते दुखणं पापणीच्या हो-नाहीतून कळलं आणि त्याचं औषध सुरू झालं.

नाडीही दगा द्यायची. घशातला कफ ओढताना ठोके एकदम 40 वर यायचे, मग आपोआप 130. जीबीएसमध्ये आपल्या इच्छेबाहेरच्या नसाही बिघडतात, आणि श्वास सांभाळूनही काही रुग्ण त्यामुळे जातात. चांगल्या आयसीयूतही शंभरातले 3 ते 7 रुग्ण वाचत नाहीत.

पंधराव्या दिवशी खांदा हलला. दिवाळीत तो घरी नव्हता. घरी कापूस वेचणीआधीची सीतादहीची पूजा आजीने पोराच्या हातून करून घेतली. दिवाळीनंतर त्याला आमच्याकडे आणलं, कारण पुढचं काम होतं ते व्यायामाचं, आणि ते घराजवळच होऊ शकत होतं. आशाताईने जबाबदारी घेतली. दिवसातून तीनदा घोटे वर ताणायचे, टाचेखाली उशी, दोन तासांनी कूस बदलायची. मायलीन काही आठवड्यांत-महिन्यांत परत येतं. पण आतली तारच तुटली असेल तर ती दिवसाला साधारण मिलिमीटरभर वाढते. मणक्यापासून अंगठ्यापर्यंतचं अंतर धरलं तर तिथे पोचायला वर्षांचा हिशेब. सहा महिन्यांनंतरही पाचातला एक जण आधाराशिवाय चालू शकत नाही.

गाव या काळात दोन गटांत वाटलं गेलं होतं. एकांना वाटत होतं फवाऱ्याच्या कंपनीवर दावा करावा, दुसऱ्यांना वाटत होतं की लकवा लस घेतल्यामुळे झाला. त्याने कुठलीच लस घेतली नव्हती. तरी लसीचा प्रश्न खरा आहे. 1976 साली अमेरिकेत डुक्कर-फ्लूची लस दिली तेव्हा लाख माणसांमागे साधारण 1 जास्तीचा जीबीएस दिसला आणि मोहीम थांबवावी लागली. आताच्या फ्लूच्या लसींत हा धोका दहा लाखांमागे 1-2 इतका, आणि फ्लू स्वतः त्याहून जास्त जणांना हा आजार देतो. आजीला, तिला दमा आहे, मी फ्लूची लस घ्यायला सांगितली आणि तिने घेतली. त्याच्या स्वतःच्या बाबतीत अजून थांबलो आहोत.

आमच्या रुग्णालयात यानंतर दोन गोष्टी बदलल्या. हातपाय गळालेल्या प्रत्येकाच्या कागदावर आता एका दमातले आकडे लिहितात, वेळेसकट, दर दोन तासांनी, आणि ते सिस्टर लिहितात. दुसरं, ताप-खोकल्याचा प्रश्न सणाच्या नावाने विचारतो: पोळ्याला, गणपतीत, भुलाबाईत घरात कोणाला काय झालं होतं. रुग्ण 15 वर्षांच्या आतला असेल तर एक काम आणखी. निदान काहीही वाटो, अचानक गळालेल्या लेकराची खबर पोलिओच्या पाहणीला द्यायची आणि 14 दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने, 24 तासांच्या अंतराने, पाठवायचे. 2014 साली भारत पोलिओमुक्त ठरला तो अशाच नोंदींमुळे, आणि त्या नोंदींत सापडणाऱ्या लेकरांत जीबीएसची लेकरं पुष्कळ असतात.

मार्चच्या शेवटी तो काठी टेकत ओपीडीत आला. पावलं उचलताना पंजा अजून लोंबतो, म्हणून बुटात पट्टी घालतो. दुपारनंतर थकवा येतो, अर्धा एकर चालून आला तर दुसऱ्या दिवशी उठवत नाही. हाताची पकड जवळजवळ पूर्ववत. मी गुडघ्यावर हातोडी मारली. डाव्या बाजूला काही नाही. उजव्या बाजूला मांडीचा स्नायू जेमतेम हलला. त्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "अजून एकदा मारा मॅडम." मी मारली. पुन्हा हलला. त्याने बायकोला जवळ बोलावलं, आणि मी तिसऱ्यांदा मारली.